मुकी कालवड

मित्रांनो, मी एक जुना खोडा आहे. लोकांच्या कामात घालतात तो खोडा वेगळा. मी गाय उभी करण्याचा लाकडी खोडा, चार खांब आणि दोन लांब फळ्यांचा. गाय माझ्यात उभी राहते. वळू मागून येतो आणि पुढचे पाय माझ्या फळ्यांवर टेकतो, म्हणजे त्याचा सगळा भार तिच्या पाठीवर पडत नाही. कितीतरी वासरांची सुरुवात माझ्यापाशी झाली. त्यांतलं एकही मला पाहायला मिळालं नाही.

सुताराने मला वळूवाल्याच्या अंगणात रोवलं. त्याचा वळू प्रचंड होता. मान जाड, कपाळ रुंद. गाई त्याच्यापुढे निम्म्याच दिसत. मला वाटे, एवढा बलदंड प्राणी, सगळं त्याच्याच मनावर चालत असणार. पण तसं नव्हतं. वळू केव्हाही तयार असे. गाय मात्र साधारण तीन आठवड्यांनी एखादा दिवस माजावर येते, आणि तेवढ्याच वेळात ती त्याच्यापुढे स्वस्थ उभी राहते. एरवी ती त्याला शिंगावर घेते. वळू आपला ओठ मुडपून, मान वर करून तिचा वास घेई आणि वाट पाही.

एकदा वळूवाल्याने घाई केली. गाय माजावर नव्हती, पण तिचा मालक लांबून आला होता. ती माझ्यात धडपडली, मागचा पाय खांबात अडकला आणि मोडला. तो आवाज अजून माझ्या लाकडात आहे. वळूवाल्याच्या कानातूनही तो गेला नसावा. त्याने वळू भिंतीआड बांधला आणि येणाऱ्याला तो आधी प्रश्न विचारू लागला. उत्तरांनी समाधान झाल्याशिवाय वळू सोडायचा नाही, हा त्याचा नियम झाला.

शिंपीणकाकूंकडे एकच कालवड होती. आई मेल्यावर काकूंनीच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती कधी ओरडत नसे, म्हणून तिचं नाव मुकी. ती वाढली, पण गाभण काही राहिली नव्हती. काकू तिला घेऊन पुन्हापुन्हा यायच्या.

"हंबरते का?" वळूवाला विचारायचा.

"छे हो. आमच्या सासूबाईंच्या अगदी उलट."

"दुसऱ्या गाईंवर चढते? त्यांना चढू देते?"

"दुसरी गाय आहे कुठे? आता काय शिलाई मशीनवर चढेल?"

"चारा टाकते?"

"खाते की. माझ्यापेक्षा जास्त खाते."

"मग माजावर नाही. घरी न्या."

"अहो, वळूला एकदा बघू तरी द्या तिला."

वळूवाला माझ्या खांबाकडे पाही. "नको काकू. एक पाय मोडला तेवढा पुरे."

एकट्या गाईचा माज दिसणार कसा? तिच्या अंगावर झेपावायला दुसरी गाय नसते, आणि काही गाई हंबरतही नाहीत. त्याला मुका माज म्हणतात. हे वळूवाल्याला ठाऊक होतं. पण भीतीपुढे ते त्याला आठवलं नाही.

काकू दिराच्या घरात राहत होत्या. दीर म्हणाला, "वहिनी, ही भाकड आहे. गुरांच्या व्यापाऱ्याला मी शब्द दिलाय."

व्यापाऱ्याचा माणूस मुकीला घेऊन आमच्या फाटकावरून चालला होता. मागे दीर, त्याच्यामागे काकू. मुकीने हिसका देऊन दोर सोडवला, ती अंगणात शिरली आणि आपणहून माझ्यात येऊन उभी राहिली. शेपटी एका बाजूला. शेपटीखाली चिकट स्रावाची काचेसारखी पारदर्शक तार लोंबत होती.

वळूवाल्याने वाकून ती तार पाहिली. "काकू, ही माजावर आहे," तो म्हणाला. "याआधीही आली असेल. मी नुसता विचारत बसलो."

त्याने वळू आणला. माझ्या फळ्या करकरल्या. मुकी तसूभरही हलली नाही.

"भाऊजी, आता तरी नका नेऊ तिला," काकू म्हणाल्या.

"राहिली की नाही ते कळायला दिवस जातात, वहिनी. माणूस फाटकात उभा आहे."

"गाभण असेल तर मालक ठेवून घेतील," तो माणूस म्हणाला. "मी सांगतो त्यांना."

तो मुकीला घेऊन गेला. त्याने सांगितलं की नाही, देव जाणे. वळूवाला नंतर व्यापाऱ्याकडे जाऊन आला. "रोज इतकी जनावरं जातात, कुठली सांगू?" एवढंच उत्तर मिळालं.

मग वळूवाल्याने नियम सोडला. आलेली गाय तो आधी वळूच्या भिंतीपाशी नेई आणि ती काय करते ते पाहत उभा राही. आता वळू नाही, वळूवालाही नाही. पलीकडे लोखंडी खोडा आला आहे. मला वाळवी लागली आहे. दुपारी वारा पडला की माझ्या पुढच्या खांबावर कुणाची तरी मान टेकल्यासारखी वाटते. तिथे कुणी नसतं.

कधी शिंपीणकाकू येतात आणि फळीवर हात ठेवतात. "वासरू झालं असेल का रे तिला?" असं मलाच विचारतात. मी लाकूड, मी काय सांगणार?

मित्रांनो, तुमच्याकडे एकटं जनावर असेल तर त्याला अधूनमधून दुसऱ्या गुरांत सोडा आणि जवळ उभं राहून नीट पाहा. आवाज आला नाही म्हणून त्याला काही नको आहे, असं ठरवून टाकू नका. मुकीला जे सांगायचं होतं ते तिने चालत येऊन सांगितलं. पण तोवर तिचा दोर दुसऱ्याच्या हातात गेला होता.