निकाल आणि रोडगे

"नवसाचे रोडगे काम पुरं झाल्यावर करतेत. तुमाले कावून एवढी घाई झालती?" अमरावतीला न्यायाधिकरणाच्या बाकावर बसल्या बसल्या आईने मला पुन्हा ऐकवलं.

आता मारुतीला नवस बोलली होती माझी बायको, मंजुषा. बोलणी मात्र मला. मंजुषा धामणगावच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायची. संस्थेचे सचिव भगवंतराव यांना भाचीची सोय लावायची होती, म्हणून हिला काढलं. ही इथे येऊन भांडली आणि जिंकली. हिला पुन्हा कामावर घ्या, असा निकाल लागला. त्याच रविवारी आम्ही गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, सारी आळी जेवून गेली. ते पचतात न पचतात तोच संस्थेचा अर्ज आला.

अर्ज मोठा बेरकी होता. आमच्याच वकिलाच्या चुकीने निकालात शाळेचं गाव चांदूर रेल्वे पडलं होतं. ते दुरुस्त करा, आणि लगे हात 'कामावर घ्या' काढून 'भरपाई द्या' असं घाला, ही संस्थेची मागणी. तेव्हापासून मंजुषाचं जेवणावरचं मन उडालं होतं. भरपाई घेऊन खेळवू कोणाला, एवढंच म्हणायची. धीर मी देत होतो, पण आतून मीही घाबरलो होतो.

न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं. गावाचं नाव तिथल्या तिथे सुधारलं. मग संस्थेच्या वकिलांना म्हणाल्या, "लिहिताना हात चुकला, तर ते मी दुरुस्त करू शकते. निकालच बदलायचा अधिकार मला नाही. निकाल दिला, तिथे माझं काम संपलं. पटत नसेल तर वर जा."

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "म्हंजे त्याईचा निकाल त्याईलेच फिरवता येत नाही?"

मी नाही म्हणालो.

"मंग बराबर हाय. जेवून गेलेल्या मान्साले कोनी रोडगे परत मांगते काय?"

आई अशी पलटली. वर जाण्यात अर्थ नाही, असं भगवंतरावांना त्यांच्या वकिलांनीच सांगितलं म्हणे.

सोमवारी मी मंजुषाला शाळेत सोडायला गेलो. भगवंतरावांनी मान वर न करता हजेरीपुस्तक पुढे सरकवलं. तिने झोकात सही केली. मैदानावर मुली आधीच एकीआड एक तोंडं फिरवून बसल्या होत्या. मंजुषाने शिट्टी ओठांत धरली, फुंकली. हसू आवरेना, त्यामुळे ती वाजेचना. पुन्हा फुंकली. मुलींनी थोडा वेळ वाट पाहिली आणि शिट्टीविनाच पळत सुटल्या.