विमानाची रंगीत तालीम

वसंतराव पाटणकर सुरतेत बँकेत अधिकारी होते आणि जन्मात कधी विमानात बसले नव्हते. ही दुसरी गोष्ट घरात फक्त सुनंदाबाईंना ठाऊक होती. सहा वर्षांचा ओंकार आणि साडेतीन वर्षांची ऋचा यांची समजूत अशी, की बाबांना विमानातलं सगळं कळतं. बाबांनी ती मोडली नव्हती.

त्या वर्षी सुरतेहून मुंबईला एक छोटं विमान जाऊ-येऊ लागलं होतं. एलटीसीवर, म्हणजे बँकेच्या प्रवास-सवलतीवर, दिवाळीच्या सुट्टीत बंगळूरला जायचं ठरलं. आधी मुंबई, मग तिथून दुसऱ्या विमानानं पुढं. तिकिटं हातात पडली आणि वसंतरावांची झोप उडाली. विमानाचं काही नाही, असं ते स्वतःला बजावत होते. धास्ती होती ती मुलांची. गावी जाताना गाडी नंदुरबारला पोचेपर्यंत अख्खा डबा या दोघांना नावानिशी ओळखू लागायचा. विमानतळावर असलं खपणार नव्हतं.

त्यांनी बँकेतल्या काशिनाथ भामऱ्यांना गाठलं. भामरे एकदाच, पण थेट दिल्लीला विमानानं जाऊन आले होते. त्यांनी सांगितलेलं सगळं वसंतरावांनी डायरीत उतरवून घेतलं आणि पुढच्याच रविवारी पाटणकरांच्या उधन्यातल्या फ्लॅटमध्ये विमानतळ उभा राहिला. स्वयंपाकघराचं दार म्हणजे तिकीट-खिडकी, पॅसेज म्हणजे तपासणी, दिवाण म्हणजे विमान.

पॅसेजमध्ये वसंतराव स्वतः पोलीस होऊन उभे राहत.

"हात वर! पाय लांब! हलायचं नाही!"

ओंकार हात वर करी. ऋचाला गुदगुल्या होत, ती फतकल मारून बसे. शेवटी वसंतरावांनी युक्ती काढली. न हलता तपासणी झाली, की पोलीस एक लिमलेटची गोळी देणार. तीन रविवारांत मुलं अशी तयार झाली, की नुसतं "चला" म्हटलं तरी चार हात वर जात.

"अहो, पण खरा पोलीस गोळी देत नाही," सुनंदाबाई म्हणाल्या.

"तिथं गेल्यावर सांगू," वसंतराव म्हणाले, आणि विसरले.

निघायच्या दिवशी रिक्षा मगदल्ल्याच्या रस्त्यानं विमानतळावर पोचली. इमारत एवढीशी, की वसंतरावांना आधी वाटलं, हे ऑफिस असेल. मोठ्या बॅगा वजन करून आत गेल्या, हातगाडीवर चढल्या. वसंतराव कॉलर नीट करत तपासणीच्या रांगेत लागले. बायकांची तपासणी पडद्याआड होती, तिकडे सुनंदाबाई ऋचाला घेऊन गेल्या.

ओंकारनं तालमीत केलं तसंच सगळं केलं. हात वर, पाय लांब, डोळे समोर. खांद्याला रायफल अडकवलेला पोलीस कौतुकानं हसला, त्याची पाठ चाचपली आणि म्हणाला, "जा बेटा."

ओंकार गेला नाही. त्यानं हात पुढं केला. गल्लीतल्या पोरांशी बोलायचा तशा गुजरातीत त्यानं आपली गोळी मागितली, "काका, गोळी आपो ने!"

पोलिसाचं हसू मावळलं. त्यानं आधी रायफलीकडे पाहिलं, मग पोराकडे.

"शेनी गोळी?" कसली गोळी, ते त्याला कळेना.

"बाबा देतात ना, रोज. पप्पा घरे आपे छे!"

रांगेतले दोघे-तिघे आपसूक मागे सरकले. बाजूच्या टेबलाशी बसलेले फौजदार उठून आले.

"साहेब, ही ती गोळी नाही," वसंतराव मराठीत बोलून गेले. मग हिंदी सुचली. "वो खानेवाली गोली है।"

"बीमार है बच्चा?"

"नहीं, नहीं. ऐसेच खाता है।"

"कहाँ है गोली?"

"बॅग में. गाडीपर. सौ का पाकीट है।"

हे बोलल्यावर वसंतरावांना आपण काय बोललो ते कळलं. अकरा वर्षं सुरतेत काढून त्या गोळीला गुजरातीत काय म्हणतात, ते त्यांना काही केल्या आठवेना.

हातगाडी परत बोलावण्यात आली. सगळ्या रांगेसमोर बॅग उघडली गेली. वर सुनंदाबाईंचे परकर, खाली चिवड्याचा डबा, त्याखाली गुंडाळलेली लोणच्याची बरणी. फौजदारांनी बरणी उजेडात धरली. तेवढ्यात पडदा सारून सुनंदाबाई बाहेर आल्या. भर चौकात मांडलेले आपले परकर पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय चाललंय हे?"

"गोळी," वसंतराव कसेबसे म्हणाले.

सुनंदाबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. "साहेब, पीपर! पीपर!" त्या म्हणाल्या, आणि बॅगेच्या कोपऱ्यात हात घालून पाकीट बाहेर काढलं. नारिंगी, पिवळ्या, हिरव्या गोळ्या.

"अरे, पीपर!" फौजदार एवढ्या मोठ्यानं हसले, की रायफलवाल्याचीही छाती हलायला लागली. "तो एम कहो ने, भाई!"

फौजदारांनी हिरवी घेतली, पोलिसानं नारिंगी. एक ओंकारला रीतसर मिळाली. ऋचानं मात्र भोकाड पसरलं. तिला पडद्याआडच्या बाईनं नुसतं गालाला हात लावून सोडलं होतं, तपासलंच नव्हतं. तिचे दोन्ही हात वर होते आणि ते खाली यायला तयार नव्हते. मग फौजदारांनी स्वतः गुडघे टेकून तिच्या फ्रॉकचे दोन्ही खिसे तपासले, तेव्हा ती पुढं सरकली.

विमान हललं तसं वसंतरावांनी डोळे मिटले, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. मुलं दमली होती; चाकं जमीन सोडायच्या आतच एक त्यांच्या दंडावर झोपलं, एक सुनंदाबाईंच्या मांडीवर. मुंबई येईपर्यंत तिघांनी डोळे उघडले नाहीत.

मुंबईच्या विमानतळावर ओंकार जागा झाला आणि विमान होऊन गेल्याचं कळताच रडू लागला. "मी काहीच नाही पाहिलं! बाबा, सांगा ना, खाली काय होतं?"

वसंतराव, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा, खरं बोलले. "मलाही माहीत नाही रे. मी घाबरलो होतो."

ओंकार रडायचा थांबला.

सुनंदाबाई बॅगेवर बसल्या. "या, सांगते," त्या म्हणाल्या. "आधी तापी दिसली. आपल्या पुलावरून दिसते तशी नाही, आडवी पसरलेली, आणि समुद्रात शिरते तिथं पाण्याचे दोन रंग..."

मुलं त्यांच्या गुडघ्यांशी बसली. वसंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं, पँट थोडी वर ओढली आणि तेही खाली बसले.

"मग?" त्यांनी विचारलं.