क्रँकच्या पाच टोप्या

"कुणी हात लावला ह्यांना?"

इंजिनाचा ब्लॉक सांतोलच्या झाडाखाली जुन्या टायरवर उलटा पडला होता, आणि क्रिसांतो भाताची बोटं न धुताच त्याच्यापुढे उभा होता. जेवायला उठण्यापूर्वी त्याने क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या पाचही लोखंडी टोप्या काढून पोत्यावर ओळीने मांडल्या होत्या. ओळ तशीच होती. ती कोणत्या टोकाकडून सुरू होते, एवढंच त्याला आता सांगता येत नव्हतं.

"कुणी नाही," त्याची बायको लुमिंग दारातून म्हणाली. "कोंबड्यासुद्धा फिरकल्या नाहीत. डिझेलच्या वासात आपण जेवतो, त्यांना अक्कल आहे."

"मग हलल्या कशा?"

"हलल्यात?"

क्रिसांतोने पोत्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ओळ उलटीकडून पाहिली.

सान पाब्लोच्या आमच्या गल्लीत क्रिसांतोची जीपनी, म्हणजे दोन लांब बाकांची ती प्रवासी गाडी, माणसांपेक्षा जास्त कौतुकाची होती. तिचं इंजिन तो दर वेळी स्वतः, घराच्या अंगणात उतरवायचा. दुसरे लोक नट-बोल्ट डब्यांत भरतात, चिठ्ठ्या लावतात. हा सगळं उघड्यावर पसरायचा आणि गप्पा मारत परत जोडायचा. खुणा करणं हे विसराळू माणसांचं काम, असं तो मोठ्याने म्हणायचा. आम्ही कुंपणाशी उभं राहून माना डोलवायचो, तेव्हा त्याच्या तोऱ्याचा निम्मा हिशेब आमच्याच नावावर मांडायला हवा.

टोपी ज्या जागेची, तिथेच बसावी लागते. अदलाबदल झाली तर क्रँक जखडतो, आणि तरीही जबरदस्तीने फिरवला तर इंजिन भर रस्त्यात स्वतःला खाऊन टाकतं. क्रिसांतोने एक टोपी उचलली, ठेवली, दुसरी उचलली. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि सावली तर दाट होती.

लुमिंग ते पाहत होती. तिचा सासरा ताताय इस्को क्रिसांतोच्याच मार्गावर जीपनी चालवायचा. अखेरच्या वर्षांत तो अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचा आणि प्रवासी भरायची वाट पाहायचा. पण ती अखेर होती. सुरुवात साधी होती. "माझा पंचा कुणी हलवला?" असं त्याने एकदा विचारलं होतं, आणि पंचा त्याच्या मानेवरच होता.

"मी हलवल्या," लुमिंग एकदम म्हणाली.

"आता तर म्हणालीस, कुणी नाही."

"विसरले. झाडताना पोतं ओढलं. आता काय फाशी देतोस?"

क्रिसांतोने खाली पाहिलं. पोत्याभोवती सांतोलची पिवळी पानं जशी गळली होती तशीच पडली होती. झाडू कुठेच फिरला नव्हता. त्याने मान वर केली नाही.

"पुढच्या वेळी विचारून हलव," तो म्हणाला. आवाजात राग आणायचा होता, तो नीट आला नाही.

तेवढ्यात अंबो आला. तो त्यांच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तो आणि क्रिसांतो एकमेकांना 'पारे' म्हणत.

"काय पारे, इंजिनाची मयत मांडून बसलायस? मग मयताजवळ रात्र जागवायला पत्ते तरी आण!"

"माझ्या हातून टोप्या मिसळल्या, अंबो," नवऱ्याच्या आधी लुमिंग बोलली.

"मिसळल्या?" अंबो उकिडवा बसला. त्याने एक टोपी घेऊन अंगठ्याने तिच्या पाठीवरचं काळं ग्रीस पुसलं. खाली ओतीव आकडा होता आणि शेजारी बाण. "हा तीन. हा एक. बाण पुढच्या अंगाला. पारे, हे तूच शिकवलंस ना मला? आता आकडे वाचायला शाळेत घालू का तुला?"

तो खदखदून हसला. कुंपणाशी आम्हीही हसलो. क्रिसांतो जरा उशिरा हसायला लागला आणि सगळे थांबल्यावरही थोडा वेळ हसतच राहिला.

लुमिंग हसली नाही. टोप्यांची ओळ चुकणं कुणाच्याही हातून होतं. पण ह्या टोप्यांवर आकडे असतात, हेच तो विसरला होता.

इंजिन जोडून होईपर्यंत तिने अंबोला उठू दिलं नाही. कॉफी झाली, उकडलेली केळी झाली, परत कॉफी झाली. "वहिनी, आज माझ्यावर एवढा जीव का?" असं त्याने विचारलंही. "तुझी बायको देत नाही म्हणून," ती म्हणाली, पण तिची नजर नवऱ्याच्या हातातल्या पान्यावर होती.

इंजिन सुरू झालं. आवाज स्वच्छ होता. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

इंजिनात घातलेल्या पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसेपर्यंत गाडी रिकामी आणि हळू चालवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिसांतो चक्कर मारायला निघाला, तेव्हा लुमिंग पुढच्या सीटवर चढून बसली.

"तू कुठं निघालीस?"

"घरात बसून कंटाळले. चल."

बाजार मागे पडला. पुढे रस्ता फुटत होता, एक तळ्याकडे आणि एक नागकार्लानकडे. सगळं आयुष्य तो ह्याच फाट्यावरून नागकार्लानला गेला होता. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. क्रिसांतोचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते आणि ते कुठेच वळत नव्हते.

लुमिंगने मान मागे वळवली आणि रिकाम्या बाकांकडे पाहून खणखणीत हाक दिली, "नागकार्लानवाले, धरून बसा! गाडी डावीकडं वळतेय!"

गाडी डावीकडे वळली.

"मागं कुणी नाही, लुमिंग," जरा वेळाने तो म्हणाला.

"दिसतंय मला. घसा तापवायला नको? उद्यापासून हाका मीच मारणार."

रस्ता चढणीला लागला. नारळाची झाडं दोन्ही बाजूंनी मागे जात राहिली. क्रिसांतोने नव्याने जोडलेल्या इंजिनाचा आवाज ऐकला, गिअर बदलला, आणि समोरून नजर न काढता म्हणाला,

"पुढच्या वळणाला जरा आधी ओरड."