नो-क्लीनची धुलाई

सर्किट बोर्डावर सुटे भाग जोडायला डाख मारताना फ्लक्स नावाचं रसायन लावतात आणि डाख बसला की त्याचा पिवळट, चिकट थर बोर्डावर उरतो. तो स्पिरिटने घासून काढायचा, हे माझं काम. अकरा वर्षं केलं. मग धाकट्या दिरांनी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या मालकांनी, नवा फ्लक्स आणला. डब्यावर लिहिलेलं, ‘नो-क्लीन’.

“वहिनी, आता धुवायची गरजच नाही,” भाऊजी खुशीत म्हणाले. “सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला.”

पॅकिंग म्हणजे धाकट्या जावेचं राज्य. कांदा कसा चिरायचा ते ती मला घरी शिकवतेच, आता खोकी कशी चिकटवायची तेही दिवसभर शिकवणार. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

शनिवारी गिऱ्हाइकाकडून तपासनीस बाई यायच्या होत्या. या नव्या फ्लक्सची एक खोड मला तोवर कळली होती. हात लावला नाही तर तो दिसतही नाही, नीट धुतला तर जातो, पण अर्धवट पुसला की पिठासारखा पांढरा पडतो. त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि वरच्या ट्रेमधल्या बोर्डांवरून स्पिरिटचा फडका हलकेच फिरवला.

बाईंनी बोर्ड उचलला. भाऊजींचा चेहराही बोर्डाइतकाच पांढरा झाला.

“हे काय?”

“नो-क्लीन आहे, मॅडम.”

“ते दिसतंच आहे.”

मी साळसूदपणे पुढे झाले. भरपूर स्पिरिट, ब्रश, पुन्हा स्पिरिट, कोरडं फडकं. बोर्ड लख्ख!

बाईंनी दुसरा पांढरा बोर्ड भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहिला. मग फॉर्मवर लिहिलं, ‘धुणे सक्तीचे.’

“वहिनी, सोमवारी इथंच बसा हं,” म्हणत भाऊजी चहा सांगायला धावले. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

बाई माझ्याकडे झुकल्या. “किती वर्षं झाली?”

“अकरा.”

“मी नऊ वर्षं बोर्ड घासले. मग आमच्याकडेही नो-क्लीन आलं.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पुढच्या वेळी फडका फिरवाल तेव्हा कोपऱ्यांतही फिरवा. तेवढेच स्वच्छ राहिलेत.”