बाई मुद्दाम हरल्या तेव्हा

मी पॅडलच्या क्लबातला पांढरा फळा बोलतोय. पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींत दोन जोड्यांनी खेळायचं छोटं टेनिस; काचेवरून उलटलेला चेंडूही त्यात चालतो. हल्ली माझ्यावर कुणी काही लिहीत नाही. म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं ते बाईंनी. बाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान काचकाम करायचे. इथल्या कोर्टांभोवतीच्या काचा त्यांनीच बसवल्या. सगळे त्यांना काचवाले म्हणत. काम संपलं आणि दोघं नवरा-बायको खेळाच्या नादी लागली ती लागलीच.

तेव्हा जोड्या ओळखीपाळखीवर जमायच्या. चांगले खेळणारे आपापसांत, बाकीचे बाकावर. बाईंना ते खपेना. त्यांनी दर रविवारी स्पर्धा सुरू केली आणि नियम माझ्यावर लिहिला: जोडीचे गुण दोघांच्याही नावावर मांडायचे, प्रत्येक फेरीनंतर त्या गुणांप्रमाणे क्रम लावायचा, ओळीने चौघाचौघांचे गट पाडायचे, आणि गटातल्या पहिल्याने शेवटच्याला जोडीला घ्यायचं. सामने असे चुरशीचे होऊ लागले की विचारू नका.

माणसांची एक गंमत सांगतो. जिंकलेला मला लांबूनच बघतो. हरलेला मात्र नाक टेकेपर्यंत जवळ येतो, जणू माझीच बेरीज चुकली!

मग काचवाल्यांचा हात थरथरू लागला. आधी काम सुटलं. मग माझ्यावरचं त्यांचं नाव खाली खाली सरकलं. ते खाली लिहायच्या बाईच. अक्षर मात्र घोटून घोटून काढायच्या.

एका रविवारी नेहमी खेळायला येणारे एक दंतवैद्य हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण आज मला काचवाल्यांबरोबर नको. दर वेळी माझेच गुण जातात."

काचवाले मागेच उभे होते. "खरंय डॉक्टरांचं," म्हणाले, आणि बुटाची नाडी बांधायला वाकले. ती काही केल्या बांधली जाईना.

बाई कायम वरच्या गटातल्या. पण त्या दिवशी त्यांचे साधे साधे फटके जाळीत जाऊ लागले. फेरीगणिक त्या खाली उतरल्या, आणि अखेरच्या फेरीला सर्वांत खालच्या गटात पहिल्या आल्या. शेवटचे होते काचवाले. नियमाने जोडी लागली.

काचवाले माझ्यापुढे थबकले. "अगं, मुद्दाम हरलीस?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"नियम तुझाच ना?"

"अहो, एकदा तुमच्या जोडीला खेळायचं होतं मला. इतक्या वर्षांत आपला क्रम कधी जुळलाच नाही."

दोघं खेळली. काचेवरून उलटलेला एक चेंडू काचवाल्यांनी असा अलगद पलीकडे ठेवला की समोरचे बघतच राहिले. बाकी सगळं हरली. बाहेर येताना बाईंनी त्यांची बॅट घ्यायला हात पुढे केला. आजवर कधी दिली नव्हती. त्या दिवशी त्यांनी ती दिली.

ते पुन्हा आले नाहीत. वर्ष सरायच्या आत गेले.

त्यानंतर बाई एकदाच आल्या. भराभर क्रम लिहीत गेल्या आणि शेवटच्या जागेपाशी हात अडला. "डॉक्टर, पुढचं तुम्ही लिहा," एवढंच म्हणाल्या आणि पेन देऊन निघून गेल्या. डॉक्टरांनाही लिहिता आलं नाही.

आता जोड्या मोबाइलवर लागतात. मी सामानाच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. तक्रार नाही. स्पर्धा भरवा, क्रमही लावा. फक्त शेवटचं नाव वाट्याला आलं तर तोंड वाकडं करू नका, बाबांनो. त्याच्या जोडीला एक डाव मिळावा म्हणून कुणीतरी जीव टाकत असतं.