चढावर बंद पडणारी गाडी

गाडी तिसऱ्यांदा चढावर बंद पडली. मागे हॉर्नचा गलका उठला.

“बास झालं,” मिस्त्री म्हणाले. “आता हिला भंगारात घालू.”

स्टिअरिंगवर त्यांची बायको होती. तिने हँडब्रेक ओढला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. ही गाडी तर त्यांनी सांगाड्यापासून उभी केलेली. पण दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. बारीक स्क्रू बोटांत ठरत नव्हता. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले आणि शेवटी हात वर केले. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालायची. चढावर जोर लावला की आचके देऊन गप्प.

घरी आल्यावर तिने शिवायला घेतलेले पडदे बाजूला सारले आणि नवऱ्याची हत्यारपेटी उघडली.

“हे काय आरंभलंयस?”

“डिस्ट्रिब्युटर खोलतेय.”

“तुझं काम आहे का ते?”

“तुमचे हात चालत नाहीत, त्या गॅरेजवाल्याचं डोकं चालत नाही. उरलं कोण?”

मिस्त्री पुटपुटत स्टूल घेऊन बसले. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा तो गोल डबा. काढण्याआधी तिने कापडावर मारायच्या खडूने त्याच्यावर आणि इंजिनावर खुणा केल्या. मिस्त्री सांगत गेले, ती करत गेली. आतले वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडले होते, ते घासले. कंडेन्सर नवा घातला. डबा खुणेवर परत बसवला. गाडी एका चावीत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढावर, त्याच जागी, ती पुन्हा मेली. दोन अनोळखी माणसांनी ढकलून कडेला लावली.

“नाद सोड,” मिस्त्री म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

“का म्हणून? सपाटीवर चालते, जोर लावला की मरते. म्हणजे जोर लावला की आत काहीतरी हलत असणार. काय हलतं, तेवढं सांगा.”

मिस्त्रींनी बॉनेटकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, “पॉइंटखालची प्लेट. इंजिन बारीक नळीतून हवा ओढतं. जोर कमी-जास्त झाला की ती ओढ बदलते आणि प्लेट थोडी फिरते.”

“मग मला ती फिरताना बघायचीय.”

घरी येऊन तिने डब्याचं झाकण काढलं. नवऱ्याने सांगितलं तसं तपासणीच्या दिव्याचं एक टोक बॅटरीला, दुसरं त्या प्लेटला लावलं. दिवा पेटला. मग त्या बारीक नळीचं इंजिनाकडचं तोंड सोडवून पदराने पुसलं, ते ओठांत धरलं आणि जोरात हवा ओढली. प्लेट जराशी सरकली. दिवा विझला. नळी सोडली, पेटला. पुन्हा ओढली, विझला.

“थांब!” मिस्त्री स्टुलावरून उठलेच. “प्लेटची अर्थची तार बघ, डब्याच्या अंगाला जोडणारी!”

तार दिसायला धडधाकट होती. तिने ती दोन बोटांत धरून टोकापासून चाचपत नेली. मधेच एके ठिकाणी ती मऊ लागली.

“वरचं कापड शाबूत आहे हो. आतला दोरा तुटलाय.”

“साधी तार घालू नकोस. सारखी वाकून महिन्यात तुटेल. लवचीक हवी.”

तिने शिलाई मशीनची जळकी मोटर अडगळीतून काढली. तिच्या कार्बन ब्रशला तांब्याच्या बारीक धाग्यांची विणलेली शेपटी होती. ती कापून तुटक्या तारेच्या जागी शिशाचे डाग देऊन जोडायला घेतली. पहिला डाग सुटला. दुसरा सुटला. बोट भाजलं. मिस्त्रींनी हात पुढे केला, तो थरथरताना पाहून मागे घेतला आणि म्हणाले, “आधी तार तापव, मग शिसं लाव. घाई नको.” तिसरा डाग धरला. आता नळीतून कितीही हवा ओढली तरी दिवा विझेना.

दुपारी ती मिस्त्रींना घेऊन चढाला लागली. नेहमीची जागा आली, तिने दात आवळून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी न कुरकुरता वर निघाली.

“थांबव,” मिस्त्री एकदम म्हणाले.

तिने ब्रेक दाबला. “काय झालं?”

“मला उतरव. तू खाली जाऊन परत ये. बाहेरून ऐकायचंय.”

ती वळून खाली गेली आणि तिसऱ्या गिअरमध्ये वर आली. मिस्त्री रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून उभे होते. तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, डोळे मिटलेले. तिने गाडी थांबवली आणि वाट पाहिली.

“पॉइंटचा गॅप केसभर जास्त आहे,” ते म्हणाले.

“बसा आधी,” ती म्हणाली. “घरी गेल्यावर करते कमी.”