चुलीवरचा डबा

"पाणी जाईल का पण आत?" राणीने तिसऱ्यांदा विचारलं.

दत्तात्रेयशेठने तोंडाने उत्तर द्यायचं सोडून दिलं. पेणच्या बाजारात भांडी आणि प्लास्टिक विकत त्याची पस्तीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक कानांनी पटत नाही, डोळ्यांनी पटतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने गल्ल्याजवळचा एक कागदी रुमाल उचलला, समोरच्या प्लास्टिकच्या पेटीत टाकला, चार बाजूंच्या चार कड्या टकाटक लावल्या आणि ती पारदर्शक पेटी दुकानाबाहेरच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून दाबून धरली. बाजूच्या दुकानातली दोन माणसंही गंमत बघायला आली. मग शेठने पेटी बाहेर काढली, पुसली, उघडली आणि रुमाल राणीच्या हातात दिला. रुमाल खडखडीत कोरडा होता.

"पाणी सोडा ताई, हवासुद्धा जायची नाय. रबर बघा केवढं जाड हाय ते. आत जाणार काय नाय, बाहेर येणार काय नाय."

राणी खूश झाली. सकाळपासून तिने बाजार पालथा घातला होता. पत्र्याची ट्रंक बघितली, तर ती दोन पावसाळ्यांत गंजणार. लाकडी पेटीला वाळवी लागणार आणि पुठ्ठ्याचा खोका तर कसर आणि उंदीर मिळून खाणार. रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती अठरा वर्षं आया होती. कुठली वस्तू कशाने बिघडते याचा तिचा अभ्यास डॉक्टरांपेक्षा दांडगा होता, निदान तिला तसं वाटायचं.

तिचा बाप दामू दुकानाच्या पायरीवरच उभा होता. डोक्यावर पंचा, पायांत मुलीने घेऊन दिलेल्या नव्या चपला. पंधरा दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती आणि पंच्यातून पाणी ठिबकत होतं.

"बा, आत ये ना. बघ तरी."

"तुला आवडली ना? मग झालं." त्याने पंचा पिळला. "पन त्येला धूर कुठनं मिळायचा?"

शेठ मोठ्याने हसला. राणी ओशाळली. "बा, धुरानं कागद काळे पडतात."

"काळे पडतात, ते खरं हाय. पन खात कोन नाय."

राणीने पेटी घेतली.

त्या बोलण्यामागे चाळीसेक वर्षं होती. वाडीवरच्या दामूच्या कुडाच्या घरात चुलीच्या बरोबर वर, आढ्याला काथ्याने बांधलेला एक पत्र्याचा तुपाचा डबा लोंबत असे. रोज दोन वेळा त्याला धुरी मिळायची. बाहेरून तो इतका काळा झाला होता, की नवा माणूस त्याला मडकं समजे. डोंगरउतारावरच्या ज्या तुकड्यावर दामूचा बाप नाचणी आणि वरी पिकवायचा, त्या दळीच्या जुन्या पावत्या त्यात होत्या. रेशनकार्ड होतं, जातीचा दाखला होता. आणि सगळ्यांच्या तळाशी बायजा होती.

बायजा म्हणजे राणीची आई. राणी सात वर्षांची असताना ती रानात शेवळं काढायला गेली आणि पान लागून, म्हणजे साप चावून, मेली. तिच्या मागे दोनच गोष्टी उरल्या. एक फोटो आणि चित्रं. वाडीवर साक्षरतेचा वर्ग चालायचा तेव्हा वत्सलाबाई नावाच्या रोह्याच्या शिक्षिका आठवड्यातून तीनदा यायच्या. बायजाला त्यांनी पेन दिलं, कागद दिला आणि 'ग' 'म' 'भ' गिरवायला सांगितलं. बायजाने पहिल्या दिवसापासून जे काही काढलं त्यात अक्षर एकही नव्हतं. कर्टुली, शेवळं, टाकळ्याची जुडी, खेकडा, दामूचा कोयता! अक्षरांपुढे तिची मती चालत नसे, पण खेकड्याच्या नांग्या मोजून घ्याव्यात अशा. पेन ती असं दाबून चालवायची, की कागदाच्या मागच्या बाजूला रेघ वर यायची. वत्सलाबाई कपाळाला हात लावत आणि पुढच्या वेळी आणखी कागद आणत. अशी एकवीस चित्रं होती. फोटोही बाईंनीच काढलेला. हिरवं लुगडं, अंबाडा, आणि फोटो काढणाऱ्यावर किंचित रागावल्यासारखा चेहरा.

राणी वर्षातून दोनदा वाडीवर आली की डबा खाली काढायला लावायची. तिला आईचं असं काही आठवत नव्हतं. आईचा चेहरा म्हणजे तो फोटोच.

आता मंजूर झालेलं घरकुल बांधून झालं होतं. सिमेंटची पक्की खोली, वर स्लॅब, कोपऱ्यात गॅस. कुडाचं घर उतरवायचं ठरलं आणि चूल गेली, तशी डब्याची जागाही गेली. म्हणून ही पेटी.

त्याच दुपारी राणीने नव्या खोलीत चटई अंथरली आणि डबा उघडला. वस्तूंवर बोटभर काजळी नसली, तरी प्रत्येक कागदाला धुराचा तपकिरी थर होता. राणीचा हात ओल्या फडक्याचा. अठरा वर्षं ती हेच करत आली होती. खाट पुसायची, कपाट पुसायचं, सलाईनचा दांडा पुसायचा. घाण दिसली की तिचा हात आपोआप बादलीत जाई. तिने फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि पहिला कागद हळुवार पुसला. कर्टुल्याचे काटे लख्ख दिसायला लागले.

"पुसू नको गो," दामू दारातून म्हणाला.

"बा, किती घाण हाय बघ ही!"

"घान नाय ती."

राणीने ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. एकेक कागद, एकेक पावती आणि शेवटी तो फोटो तिने आईचं तोंड पुसावं तसा पुसला. वर वर सगळं सुकल्यासारखं वाटलं. बाहेर आषाढ कोसळत होता आणि संध्याकाळची गाडी चुकवून चालणार नव्हती. तिने सगळं एकावर एक नीट रचलं, झाकण लावलं, चार कड्या दाबल्या. तेवढ्यानेही समाधान होईना, म्हणून पर्समधली दवाखान्याची चिकटपट्टी काढून झाकणाच्या कडेने दोन वेढे मारले. जखम बांधावी तशी पेटी बांधून तिने ती माळ्यावर ठेवली.

"आता शंभर वर्षं काय होत नाय," ती म्हणाली.

दामू रिकामा डबा मांडीवर घेऊन बसला होता. 

दसरा झाला आणि दळीची जमीन नावावर व्हावी म्हणून केलेल्या दाव्याची तारीख लागली. राणी रजा काढून आली आणि माळ्यावरून पेटी उतरवली. आतल्या बाजूला घाम धरला होता. पट्टी सोडवून तिने कड्या उघडल्या आणि तो वास आला. ओली गादी बरेच दिवस बंद खोलीत राहिली की येतो तसा.

एकवीस चित्रांची एक वडी झाली होती. वर करड्या-हिरव्या बुरशीची लव. तिने नखाने सोडवायला घेतली तशी ती थराथरांनी फाटायला लागली. पेनाची शाई पसरून नुसते निळे डाग उरले होते. पावत्यांच्या कडा गेल्या होत्या. फोटो एका पावतीला तोंडाने चिकटला होता.  तिने श्वास रोखून फोटो ओढला. तो सुटला, पण कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग पावतीवरच राहिला आणि तिथेही तो बाई म्हणून राहिला नाही, नुसता तांबूस चिकटा राहिला.

"बघू," दामू म्हणाला.

त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. फोटो घेऊन तो दारात उजेडाला गेला. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला.

"लुगडं हाय अजून," तो म्हणाला.

राणी त्याच्या मागोमाग दारात आली. "बा, मला शिव्या दे. मार हवं तर. तू सांगत होतास, मीच ऐकलं नाय."

दामूने शिव्या दिल्या नाहीत. त्याने कोयता उचलला आणि तो रानात निघून गेला, तो दिवेलागणीलाच परतला. राणीने भाकरी केली होती. ती त्याने खाल्ली नाही.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राणीला वाटत राहिलं.

दाव्याचं काम मात्र अडलं नाही. ज्या संघटनेने दावा दाखल केला होता तिच्या कार्यालयात सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स होत्या, एकीच्या तीन तीन. ज्या कागदावर शिक्का होता तो वाचला. बायजावर कुठला शिक्का नव्हता. तिची झेरॉक्स काढावी, असं कुणाला कधी सुचलं नव्हतं.

रोह्याला परतल्यावर राणी रात्रपाळी संपवून तशीच रोह्याला लागून असलेल्या वरसेला गेली. वत्सलाबाई तिथे नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होत्या. पंचाहत्तरी उलटली होती, पण राणीला त्यांनी दारातच ओळखलं.

"बायजाची राणी ना तू? अगं, ये ये. तुझ्या आईने मला जन्मात एक अक्षर गिरवून दिलं नाही, ठाऊक आहे ना?"

राणीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. चहा गार होईपर्यंत तिने सगळं सांगितलं. बाईंनी तिचा गार कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "त्या वर्गाच्या फिल्मच्या पट्ट्या माझ्याकडे होत्या गं. बिस्किटाच्या डब्यात होत्या. हे घर घेतलं तेव्हा माझ्या मुलाने, यज्ञेशने, जुन्या घरातली आवराआवर केली, त्यात गेल्या. त्याला तरी काय माहीत? त्याला तो कचराच दिसला."

"व्हय," राणी म्हणाली. "तसंच दिसतं."

बाईंनी अल्बम मात्र काढला. त्यात वर्गाचा एक फोटो निघाला. पंधरा-वीस बायका पाट्या धरून बसलेल्या. बायजा मागच्या रांगेत होती. पुढच्या बाईच्या पदराआड तिचा चेहरा गेला होता आणि पाटी धरलेला एक हात तेवढा दिसत होता. पाटीवर खेकडा होता. राणीने मोबाईलवर त्याचा फोटो घेतला.

घरी येऊन ती आंघोळीला बसली आणि डोळे मिटून तिने आईचा चेहरा आठवून पाहिला. लुगडं आलं, अंबाडा आला. मधे पांढरं आलं. पुन्हा पाहिलं, तर पुन्हा पांढरंच आलं. बादली भरून वाहायला लागली तरी तिला नळ बंद करायचं सुचलं नाही. आपल्या हाताने आपण आईला दुसऱ्यांदा मारलं, असं तिला वाटलं, आणि हे नवऱ्याला, दिनेशला, सांगायला तिची जीभ रेटेना.

दिवाळीत ती वाडीवर गेली. घरकुलाच्या मागे दामूने चार मेढी रोवून पेंढ्याचा मांडव घातला होता. खाली तीन दगडांची चूल पेटली होती. गॅस कोपऱ्यात तसाच, वर प्लास्टिकचं फूल ठेवलेला. वाडीवरची पोरं हसत होती, म्हातारा खुळावला म्हणत होती. चुलीच्या वर मांडवाच्या वाशाला तोच काळा डबा टांगला होता.

"काय ठेवलंस त्यात?" राणीने विचारलं.

"हाय ते."

चित्रांची ती वडी आणि बिनचेहऱ्याचा फोटो त्याने उन्हात वाळवून परत डब्यात ठेवला होता. राणीने त्याला मोबाईलवरचा वर्गाचा फोटो दाखवला, बोटांनी मोठा करून दाखवला. त्याला काचेवर उजेडाशिवाय काही दिसलं नाही. तरी तो म्हणाला, "बरा हाय."

दोघांनी चुलीपाशी बसून भाकरी खाल्ली. पेटी घराच्या पायरीवर होती. दामू तिच्यात आता कोंबडीची पिल्लं झाकत होता. झाकण त्याने काढून टाकलं होतं आणि वर जाळी घातली होती.

निघायची वेळ झाली तेव्हा तो म्हणाला, "राणे, तुजा फोटू हाय का गो?"

"माजा? माजा कशाला?"

"दे."

दवाखान्याच्या नव्या ओळखपत्रासाठी काढलेले चार फोटो तिच्या पर्समध्ये होते, प्लास्टिकच्या पाकिटात. तिने पाकीट दिलं. दामूने पाकिटातून एक फोटो काढला, पाकीट तिला परत दिलं आणि फोटो डोळ्याच्या अगदी जवळ नेला. किती दिसलं त्याला, कोण जाणे.

"कपाळ तिचं हाय," तो म्हणाला. "बाकी माजंच नशीब."

राणीला लहानपणापासून सगळे बापावर गेलीय म्हणत आले होते. बापाने आजवर हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं.  दामूने डबा खाली घेतला, झाकण उघडलं, फोटो त्या दुसऱ्या फोटोच्या शेजारी ठेवला आणि डबा तिच्या हातात दिला. काथ्याची गाठ दिसत नाही, तूच टांग, म्हणाला. तिने टांगला. त्याने चुलीत एक ओलसर लाकूड सारलं. धूर उठला आणि डब्याभोवती फिरला.

"आता फुडच्या खेपेला ये तेव्हा बघ," तो म्हणाला. "पन पुसू नको."

पेण स्टेशनवर गाडी आली. खिडकीशी बसल्यावर राणीच्या लक्षात आलं, की बोटांना आणि तळव्याला डब्याची काजळी लागली आहे. पर्समध्ये ओला रुमाल होता. तिने तो काढला नाही. रोहा येईपर्यंत ती मूठ मिटून बसून राहिली.